अपस्मार आणि शस्त्रक्रियेचा विचार : एका कुटुंबाचे मनोगत

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात एका रुग्ण मुलीच्या आईवडिलांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. कुटुंबाच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.)

सन्माननीय अध्यक्ष महोदय, विश्वस्त मंडळाचे सदस्य, डॉक्टर मंडळी, परिचारिका भगिनी, देणगीदार बंधू-भगिनींनो, आणि आमच्यासारखीच हातात फाइल घेऊन येथे बसलेली रुग्णांची आप्तमंडळी,



या व्यासपीठावरून दरवर्षी बरे होऊन घरी गेलेले रुग्ण बोलतात आणि ते ऐकून सर्वांनाच समाधान वाटते. आमचे तसे नाही. आमची कन्या २८ वर्षांची आहे, गेली १७ वर्षे तिला अपस्माराचा विकार आहे, आणि तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी की करू नये, याचा विचार आमच्या घरात सध्या चालू आहे. निर्णय झालेला नाही. समाजसेवा विभागाच्या ताई निमंत्रण घेऊन आल्या तेव्हा, आम्ही बोलणार तरी काय, असे आम्ही त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "झालेल्या शस्त्रक्रियेविषयी पुष्कळ जण बोलतात. ती ठरण्याआधी घरात काय काय बोलणे होते, ते कोणी सांगत नाही. तेवढे सांगा." तेवढेच सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत. आमच्या मुलीची परवानगी आम्ही घेतली आहे. हे भाषण तिने वाचले आहे आणि त्यातला 'बिचारी' हा शब्द तिने दोन ठिकाणी खोडला आहे.

अपस्मार हा शब्द आपल्याकडे फार जुना. चरकसंहितेत या विकाराचे स्वतंत्र विवेचन आहे. 'अप' म्हणजे दूर जाणे आणि 'स्मार' म्हणजे स्मरण. ज्यात स्मृती दूर जाते तो अपस्मार. बोलीभाषेत आपण त्याला फेफरे, मिरगी, आकडी किंवा सरळ फिट म्हणतो. ग्रीक लोक त्याला दैवी व्याधी मानत. परंतु हा आजार देवाच्या कोपाने होत नसून मेंदूतून उद्भवतो, असे हिपोक्रेटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या एका ग्रंथात सुमारे २४०० वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे. तरीही आजसुद्धा कोणाला रस्त्यात फिट आली की गर्दीतून पहिली हाक कांद्यासाठी किंवा चपलेसाठी उठते. म्हणून पुढे जाण्यापूर्वी एवढे सांगतो : कांदा हुंगवू नये, चप्पल लावू नये, दातांत चमचा किंवा बोट घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवावे, झटके ओसरताच रुग्णाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्ध न येता लागोपाठ दुसरी आली, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

जगात सुमारे ५ कोटी आणि एकट्या भारतात १ कोटीहून अधिक लोकांना हा विकार आहे, असा अंदाज दिला जातो. त्यांतील बहुसंख्य लोक योग्य गोळ्या नियमित घेऊन तुमच्या-आमच्यासारखे जीवन जगतात, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. आम्ही ज्या वाटेने आलो ती उरलेल्यांची, म्हणजे साधारण एक तृतीयांश रुग्णांची वाट आहे. त्यांचा आजार गोळ्यांना दाद देत नाही.

आमची मुलगी १४ महिन्यांची असताना तिला तापात दीर्घकाळ आकडी आली होती. तापातली आकडी अनेक मुलांना येते आणि त्यांतल्या फार थोड्यांना पुढे अपस्मार होतो. तेव्हा येथे बसलेल्या तरुण मातापित्यांनी घाबरून जाऊ नये. आमच्या मुलीला मात्र वयाच्या अकराव्या वर्षी पुन्हा झटके सुरू झाले. ते सिनेमात दाखवतात तसे नव्हते. आधी पोटातून काहीतरी वर चढत आहे असे तिला वाटे, भीती दाटून येई, ती आईचा हात धरी. मग नजर स्थिर होई. ओठ चघळल्यासारखे हलत, डावा हात ओढणीचे टोक चाळवत राही, उजवे मनगट वळून ताठ होई. दीड-दोन मिनिटांत हे ओसरे. परंतु त्यानंतर बराच वेळ तिला शब्द सापडत नसत. समोर पाण्याचा पेला असला तरी 'पाणी' म्हणता येत नसे. महिन्यातून असे तीन-चार प्रसंग, आणि वर्षातून एखाद्या वेळी सर्वांगाला झटके देणारी मोठी फिट.

शाळा तिने पूर्ण केली, पदवी घेतली, ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रमही केला. आज ती एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. या काळात घराने आपली रचना बदलली. न्हाणीघराची आतली कडी काढली. गॅसजवळ ती एकटी उभी राहणार नाही, असा नियम झाला. कारण एकदा उकळता चहा तिच्या हातावर सांडला आणि त्याचा वण अजून आहे. दुचाकी नाही, पोहणे नाही, गच्चीवर एकटीने जाणे नाही. तिला सर्वांत अधिक काय खुपते, असे आम्ही एकदा विचारले. ती म्हणाली, "तुम्ही दोघे माझ्याकडे सारखे पाहत असता, ते."

लग्नाचा विषय टाळून चालणार नाही, कारण सभागृहात अनेक मुलींचे पालक आहेत. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा एकेकाळी विवाहाच्या वैधतेला बाधा आणणारा दोष मानला जाई. १९९९ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि ती तरतूद हिंदू विवाह कायद्यातून व विशेष विवाह कायद्यातूनही वगळली. म्हणजे कायद्याने २५ वर्षांहून अधिक काळ ही अडचण उरलेली नाही. ती उरली आहे चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात. स्थळ सांगून आले की आम्ही पहिल्या भेटीतच आजाराची माहिती देतो. बहुतेक मंडळी पुन्हा फोन करीत नाहीत. काही जण आपुलकीने सांगतात की लग्न झाले की हे आपोआप जाते. लग्न हा अपस्माराचा उपचार नाही. ज्यांना तसे वाटते, त्यांनी कृपया ही समजूत येथेच सोडून जावी.

आता मुख्य विषयाकडे वळतो. पहिले औषध तिला वर्षभर थोडेफार लागू पडले. मग दुसरे आले, मग पहिले व दुसरे एकत्र, मग तिसरे, चौथे. प्रत्येक नव्या गोळीबरोबर घरात सहा महिने आशा नांदे. एका गोळीने झोप येई, दुसरीने चिडचिड होई, तिसरीने वजन वाढे. फिटा कमी होत, थांबत नसत. डॉक्टर बदलले, गाव बदलले, आणि प्रत्येक नव्या ठिकाणी "आपण आणखी एक औषध देऊन पाहू" हे वाक्य आम्ही ऐकले. कोणाच्याही हेतूविषयी आमची तक्रार नाही. शस्त्रक्रिया हा शब्द मात्र पंधरा वर्षांत एकदाही आमच्या कानांवर पडला नव्हता. तो या रुग्णालयात पडला.

येथील मेंदूविकार विभागात पहिल्याच भेटीत आम्हांला एक माहिती मिळाली. ग्लासगो येथील डॉ. पॅट्रिक क्वान आणि डॉ. मार्टिन ब्रॉडी यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पूर्वी कधीही औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्क्यांच्या फिटा पहिल्याच औषधाने थांबल्या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी १४ टक्क्यांच्या थांबल्या. दोन औषधे एकत्र देऊन ज्यांच्या थांबल्या, ते केवळ ३ टक्के होते. याच अनुभवाच्या आधारे इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या जागतिक संघटनेने २०१० साली व्याख्या ठरवली : योग्य निवडलेली, योग्य मात्रेत घेतलेली आणि सोसलेली दोन औषधे देऊनही फिटा पूर्णपणे थांबत नसतील, तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा मानावा. अशा रुग्णाला विशेष तपासणीसाठी पाठवावे, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो.

आप्तमंडळींनो, आम्ही आज येथे आलो ते प्रामुख्याने हे एक वाक्य सांगण्यासाठी. दोन औषधे नीट घेऊनही फिटा थांबत नसतील, तर डॉक्टरांना विचारा, "शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तपासणी करता येईल का?" तपासणी करणे म्हणजे शस्त्रक्रियेला होकार देणे नव्हे. तपासणीनंतर अनेकांना शस्त्रक्रिया उपयोगाची नाही असे कळते आणि त्यांचे औषध, आहार किंवा मानेतील मज्जातंतूला सौम्य विद्युत्-संदेश देणारे यंत्र अशा अन्य मार्गांनी चालू राहते. काहींच्या बाबतीत तर त्या फिटा अपस्माराच्या नव्हेतच, असेही निष्पन्न होते. परंतु दार ठोठावल्याशिवाय आत काय आहे, ते समजत नाही.

ही तपासणी कशी असते, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण भीती बहुधा अज्ञानातून येते. प्रथम अपस्मारासाठी खास पद्धतीने केलेला एम.आर.आय. काढला. कानशिलाच्या आत, मेंदूच्या टेम्पोरल लोबमध्ये, हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे ग्रीक नाव. नव्या आठवणी साठवण्याचे काम प्रामुख्याने तेथे चालते. आमच्या मुलीच्या डाव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला व वण धरलेला दिसला. गावाकडे काढलेला जुना एम.आर.आय. अहवाल 'सर्वसाधारण' असा होता. बारीक काप घेतल्यावाचून हा बदल सहज दिसत नाही.

त्यानंतर पाच दिवस ती व्हिडिओ-ई.ई.जी. कक्षात दाखल होती. डोक्याला तारा चिकटवलेल्या, समोर अहोरात्र चालणारा कॅमेरा, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या हळूहळू कमी केलेल्या. १७ वर्षे आम्ही ज्या फिटा येऊ नयेत म्हणून नवस बोललो, त्या यावात म्हणून आम्ही तेथे वाट पाहत बसलो होतो. हा प्रकार विचित्र वाटला खरा. पाच दिवसांत तीन फिटा आल्या. फिट चालू असताना परिचारिका तिचे नाव विचारी, एक शब्द लक्षात ठेवायला सांगे, आणि फिट ओसरल्यावर एक वाक्य लिहिलेले कार्ड वाचायला देई. ते वाक्य तिला चार मिनिटांपर्यंत वाचता आले नाही. नंतर डॉक्टरांनी आम्हांला चित्रफीत दाखवून समजावले की उजवे मनगट वळणे आणि नंतर शब्द न सापडणे या दोन्ही खुणा मेंदूच्या डाव्या बाजूकडे बोट दाखवतात. आम्ही हजार वेळा जे भयाने पाहिले होते, त्यात उत्तर लिहिलेले होते. ते वाचणारा माणूस आणि ते टिपणारा कक्ष, दोन्ही लागतात.

तिसरी परीक्षा स्मरणशक्तीची. मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिला पंधरा मराठी शब्द वाचून दाखवले आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारले. तिला चारच आठवले. आकृत्या मात्र तिने जवळजवळ अचूक काढल्या. साधारणपणे उजखोऱ्या माणसाची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूस असते, तशी ती आमच्या मुलीचीही आहे. शब्दांची स्मृती आधीच क्षीण झाली आहे, चित्रांची शाबूत आहे.

चित्र असे पुरे झाल्यावर डॉक्टरांच्या मंडळाने एकमताने सांगितले की डाव्या टेम्पोरल लोबचा पुढचा भाग आणि तो आक्रसलेला हिप्पोकॅम्पस काढून टाकण्याची शस्त्रक्रिया तिच्यासाठी योग्य ठरू शकेल. आमचा पहिला प्रश्न कोणत्याही आईबापांचा असतो तोच होता : मेंदू कापायचा?

त्यावर आम्हांला इतिहास सांगण्यात आला. अपस्मारासाठी मेंदूवर आधुनिक पद्धतीची शस्त्रक्रिया लंडनमध्ये डॉ. व्हिक्टर हॉर्सली यांनी १८८६ साली केली. भारतात डॉ. जेकब चांडी यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४९ साली देशातील पहिला मेंदूशल्य विभाग सुरू केला आणि १९५०च्या दशकात तेथे अपस्मारावरील शस्त्रक्रियांना आरंभ झाला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९०च्या दशकापासून या शस्त्रक्रियांचा सर्वांगीण कार्यक्रम चालू आहे आणि देशभरातील रुग्ण तेथे गेले आहेत. म्हणजे ही काही कालपरवाची प्रयोगशील गोष्ट नव्हे.

लाभाविषयीचे आकडेही आम्हांला देण्यात आले. कॅनडातील लंडन या शहरात टेम्पोरल लोबच्या अपस्माराचे ८० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. ४० जणांना शस्त्रक्रियेच्या गटात घातले, ४० जणांना औषधांवर ठेवले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपवणाऱ्या फिटांपासून मुक्त होते, औषधांच्या गटातील ८ टक्के. आपल्या देशात, नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, १८ वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांवर असाच अभ्यास झाला आणि तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ७७ टक्के मुलांना फिटा नव्हत्या, दुसऱ्या गटातील ७ टक्के मुलांना नव्हत्या.

परंतु डॉक्टरांनी दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली, म्हणून आमचा विश्वास बसला. दिल्लीच्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या ३३ टक्के मुलांना गंभीर दुष्परिणाम सोसावे लागले. त्यांत अनेकांना शरीराच्या एका बाजूची दुर्बलता आली. त्यांतील पुष्कळ शस्त्रक्रिया मेंदूच्या मोठ्या भागावरच्या होत्या आणि ही दुर्बलता अपेक्षितच होती, हे खरे. तरी ती आली. यशही कायमचे असेलच असे नाही. लंडनमधील ६१५ प्रौढ रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षे फिटमुक्त राहिलेले ५२ टक्के होते, दहा वर्षे राहिलेले ४७ टक्के. शस्त्रक्रियेनंतरही गोळ्या काही वर्षे चालूच राहतात. दृष्टीच्या वरच्या कोपऱ्यातला थोडा भाग कमी दिसू शकतो. काहींना पहिल्या वर्षात उदासीनता येते, अगदी फिटा थांबल्या तरी. आणि आमच्या मुलीच्या बाबतीत सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शब्दांची स्मृती आणखी उणावू शकते.

या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या घरात सर्वाधिक बोलणे झाले. स्मृतीचा धोका वैद्यकाला कसा कळला, त्याची कथा तिने स्वतः वाचून काढली. १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणावर डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी शस्त्रक्रिया केली. फिटा कमी झाल्या. परंतु हिप्पोकॅम्पसचा भाग दोन्ही बाजूंनी काढल्याने त्याला नवी आठवण धरता येईना. २००८ साली मृत्यू होईपर्यंत त्याला रोज भेटणारी माणसेही अनोळखी वाटत. मॉन्ट्रियलच्या डॉ. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि स्मृतीविषयीचे आधुनिक ज्ञान त्यातून उभे राहिले. आज दोन्ही बाजूंवर अशी शस्त्रक्रिया करीत नाहीत, आणि एका बाजूवर करण्यापूर्वी दुसरी बाजू भार उचलू शकेल की नाही हे तपासतात. ते पंधरा शब्द आणि त्या आकृत्या कशासाठी होत्या, हे आम्हांला त्या दिवशी उमगले.

आमची मुलगी वाचनालयात काम करते. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, कोणत्या आजोबांना कोणता लेखक आवडतो, हे तिच्या जिभेवर असते. नसेल तर तिच्या वहीत असते. तिच्या आईचे म्हणणे असे की जे थोडे उरले आहे त्याला धक्का लावू नये. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की प्रत्येक फिट तेवढेही कुरतडते आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी एवढेच जोडले की ज्याची स्मृती आधीच उणी झाली आहे, त्याला गमावण्यासारखे तुलनेने कमी असते. तरी कमी म्हणजे शून्य नव्हे.

आणखी एक बाब आम्ही विचारल्यावरच आम्हांला सांगण्यात आली, आणि ती सांगावी असे आम्हांलाही वाटते. काहीही न करणे हासुद्धा निर्धोक मार्ग नाही. अपस्मार असलेल्या प्रौढांमध्ये दरवर्षी हजारात साधारण एकाचा, अन्य कारण न सापडता, अकस्मात मृत्यू होतो. आणि ज्यांच्या मोठ्या फिटा थांबलेल्या नाहीत, त्यांचा धोका याहून अधिक असतो. शस्त्रक्रियेच्या जोखमीची तुलना निरोगी आयुष्याशी करायची नसते. ती आजच्या आयुष्याच्या जोखमीशी करायची असते. हे वाक्य डॉक्टरांचे आहे. ते ऐकल्यावर त्या रात्री आम्ही दोघेही जेवलो नाही.

यापुढे आम्ही एक पाऊल मागे आलो. मुलगी सज्ञान आहे, मेंदू तिचा आहे, आठवणी तिच्या आहेत. आमचे मत आम्ही मांडले; निर्णय तिचा. तिने एका कागदावर मध्ये रेघ ओढून दोन रकाने केले आहेत. एका रकान्यात 'काय जाईल' आणि दुसऱ्यात 'काय येईल'. पहिल्यात तिने लिहिले आहे : शब्द, थोडी नजर, कदाचित नोकरीतला वेग. दुसऱ्यात : न्हाणीघराची कडी, एकटीने प्रवास, चहा करणे, आईबाबांची झोप. तो कागद ती फडताळात ठेवते आणि अधूनमधून त्यात भर घालते. पुढच्या महिन्यात शल्यचिकित्सकांशी भेट आहे आणि त्यांना विचारायचे तीन प्रश्न तिने काढून ठेवले आहेत. ते तिचे असल्यामुळे येथे सांगत नाही. ती हो म्हणेल की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही. दोन्हींपैकी काहीही म्हणाली तरी ते समजून-उमजून म्हटलेले असेल, एवढे मात्र आम्ही खात्रीने सांगू शकतो. १७ वर्षांत प्रथमच आमच्या घरी या आजाराविषयी नुसते घाबरणे संपून विचार सुरू झाला आहे.

देणगीदार बंधू-भगिनींनो, आता आपल्याशी दोन शब्द. रुग्णालयाच्या भिंतीवर शस्त्रक्रियागृहासाठी दिलेल्या देणग्यांच्या पाट्या आहेत, आणि त्या असाव्यातच. परंतु आमच्या मुलीला जो विचार करता आला, तो शस्त्रक्रियागृहाच्या कितीतरी आधी घडला. तो पाच दिवसांच्या त्या कक्षात, रात्री तीन वाजता आलेली फिट टिपणाऱ्या तंत्रज्ञामुळे, कार्ड वाचायला देणाऱ्या परिचारिकेमुळे आणि मराठीत स्मृतिपरीक्षा घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंमुळे घडला. या गोष्टींवर पाटी लावता येत नाही. त्यांना वेतन मात्र द्यावे लागते.

आमच्या शेजारच्या खाटेवर एका शेतमजुराचा मुलगा होता. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ नुसार निर्धन आणि दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखाव्या लागतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. समाजसेवा विभागाच्या ताईंनी त्या मुलाची तपासणी याच निधीतून करवून दिली. परंतु त्याच्या वडिलांची पाच दिवसांची मजुरी बुडाली, त्याचे आणि एस.टी.च्या तिकिटांचे काय? घरी परतल्यावर वर्षानुवर्षे लागणाऱ्या गोळ्यांचे काय? निधीचे नियम जेथे संपतात, तेथून पुढे आपल्या देणगीचे काम सुरू होते. विश्वस्त महोदयांना आमची नम्र विनंती आहे की अपस्मार तपासणीसाठी येणाऱ्या गरीब कुटुंबाचा प्रवास, निवास आणि औषधे यांसाठी स्वतंत्र तरतूद करण्याचा विचार व्हावा. त्यात आमचा अल्पसा वाटा आम्ही आजच कार्यालयात जमा केला आहे. मुलीची शस्त्रक्रिया होवो अथवा न होवो, तो तेथेच राहील.

येथे बसलेल्या आप्तमंडळींना पुन्हा एकदा सांगतो. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. फिटांची वही ठेवा : तारीख, वेळ, किती मिनिटे, कोणता हात. जमल्यास फोनवर चित्रण करा. डॉक्टरांना त्याचा शंभर वर्णनांहून अधिक उपयोग होतो. मुलांना शाळेतून काढू नका. आणि दोन औषधांनंतरही फिटा येत असतील, तर तो प्रश्न विचारायला विसरू नका.